घोड्यावरून पाहिलेली कुत्र्यांची परीक्षा
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोनवर विषय सुचवला होता, ‘साठीनंतरचं आरोग्य’. मी अमेरिकेत टेनेसी राज्यात, मेम्फिस शहराजवळ, तीस वर्षं फार्मसिस्ट म्हणून काम केलं. त्यामुळे तो विषय मला जमेल असं त्यांना वाटणं साहजिक होतं. पण गोळ्यांच्या डब्या आता आपण सगळेच रोज उघडतो, स्टेजवर येऊन त्या पुन्हा कशाला उघडायच्या? म्हणून मी विषय बदलून मागितला. गेली काही वर्षं दर फेब्रुवारीत मी जे करते, ते सांगते. मी घोड्यावर बसून कुत्र्यांची परीक्षा बघायला जाते.

हसा, हसा. आमच्या घरीही हसतात.

घोड्याचं वेड मला इथूनच लागलं. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणारा घोडेबाजार आपल्यापैकी कोणी पाहिला नाही? आपल्या वेळी ते गाव धुळे जिल्ह्यात होतं, १९९८ पासून नंदुरबारमध्ये आहे. बाजारात घोडा बघायला कोणाची ना नव्हती. पण मुलीने खोगिरावर मांड टाकायची, हे त्या काळी कोणाच्या डोक्यात यायचं नाही. माझी ती हौस पंचेचाळिशी उलटल्यावर पुरी झाली, तीही सातासमुद्रापार.

आता ही परीक्षा कसली, ते सांगते. काही जातींच्या कुत्र्यांना, मुख्यतः पॉइंटर आणि सेटर यांना, गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास येतो. वास आला की ते धावत जाऊन झडप घालत नाहीत. जागच्या जागी दगडासारखे थिजतात. नाक पक्ष्याच्या दिशेने, शेपूट ताठ वर, कधी एक पाय उचललेला तसाच. याला ‘पॉइंट’ म्हणतात. जाळी किंवा बंदूक घेऊन येणाऱ्या माणसासाठी कुत्र्याने केलेली ही खूण. असा कुत्रा किती चांगला आहे हे पारखण्यासाठी मोकळ्या रानात ज्या चाचण्या घेतात, त्या फील्ड ट्रायल. इंग्लंडमध्ये १८६५ साली अशी चाचणी झाली आणि अमेरिकेतली पहिली १८७४ साली मेम्फिसजवळच झाली. म्हणजे मी या खेळाच्या माहेरघरीच जाऊन राहिले होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तिथली सगळ्यांत मानाची स्पर्धा म्हणजे शिकारी कुत्र्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा. ती १८९६ साली मिसिसिपी राज्यात सुरू झाली. पहिला विजेता होता काउंट ग्लॅडस्टन चौथा. नाव राजाचं, पण होता सेटर कुत्रा. १९१५ पासून ही स्पर्धा टेनेसीत ग्रँड जंक्शन गावाजवळच्या एम्स प्लँटेशनवर होते. ग्रँड जंक्शन या नावावरून आपल्या डोळ्यांपुढे भुसावळ उभं राहतं. दोन रेल्वेमार्ग तिथे एकमेकांना छेदायचे, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात गाव इतकं लहान की भुसावळच्या एका प्लॅटफॉर्मवर मावेल. पण पक्षीमाग काढणाऱ्या कुत्र्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे ते याच गावात.

एम्स प्लँटेशन सुमारे साडेअठरा हजार एकरांचं आहे. जुना वाडा १८४७ सालचा. त्या काळी तिथे कापूस पिकायचा तो गुलामांच्या श्रमावर, आणि ते विसरून त्या रानात फिरू नये असं मला वाटतं. इतिहासाच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून आणखी एक धागा सांगते. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि आपल्या खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या मातीचा आणि या मातीचा संबंध माझ्याआधीचा आहे.

१९०१ साली होबार्ट एम्स नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या कारखानदाराने ही जमीन घेतली. त्यांचा घराण्याचा धंदा फावडी बनवण्याचा. या माणसाने राष्ट्रीय विजेता कसा असावा याचा एक निकष घालून दिला. त्याला आजही एम्सियन स्टँडर्ड म्हणतात. थोडक्यात त्यात असं आहे: कुत्र्याला पक्षी कुठे असेल याची उपजत जाण हवी. पक्षी नुकताच चालून गेल्याचा वास कोणता आणि पक्षी समोर बसला असल्याचा वास कोणता, हा फरक त्याला चटकन कळायला हवा. वेग, डौल, धाडस, दमसास आणि चांगली वागणूक हवी. आणि हे सगळं पूर्ण तीन तास.

तीन तास हे इथलं वैशिष्ट्य आहे. इतरत्र बऱ्याच चाचण्या अर्ध्या तासाच्या किंवा एका तासाच्या असतात. इथे सकाळी दोन कुत्र्यांची एक जोडी सोडतात, दुपारी दुसरी. दिवसाला चारच कुत्रे. इतरत्र जिंकून पात्र ठरलेले तीसचाळीस कुत्रे आलेले असतात, त्यामुळे परीक्षा दोन आठवडे चालते. पावसाने किंवा बर्फाने खोळंबा केला तर आणखी लांबते.

कुत्रा माणसापुढे अर्धा-अर्धा किलोमीटर, कधी त्याहून लांब धावतो. पायी चालणारा माणूस तीन तास त्याच्या मागे राहूच शकत नाही. म्हणून सगळे घोड्यावर. तिन्ही परीक्षक घोड्यावर. कुत्र्याला हाका घालत नेणारा हँडलर घोड्यावर. बाजूच्या झाडीतून कुत्रा शोधणारा त्याचा साथीदार, म्हणजे स्काउट, तोही घोड्यावर. आणि त्यांच्या मागे आम्ही बघे, आम्हीही घोड्यावर. आम्हाला तिथे गॅलरी म्हणतात. चांगल्या हवेच्या दिवशी या गॅलरीत शंभरावर घोडे असतात. जगात अशी स्टेडियमं फार नसतील, जिथे प्रेक्षकांच्या खुर्च्याच चालतात आणि मधेच गवत खातात.

या गॅलरीचे नियम आपल्या ड्रिलच्या सरांना आवडले असते. परीक्षकांच्या पुढे जायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही. पुढच्या घोड्याच्या शेपटीला आपल्या घोड्याचं नाक लावायचं नाही. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधायची, म्हणजे मागच्याला कळतं. ओढा ओलांडला की पुढे निघून जायचं नाही, मागचा घोडा पाणी उतरेपर्यंत थांबायचं, कारण आपला सोबती दूर गेला की घोडा बिथरतो. पॉइंट झाल्याची हाक आली की सगळ्यांनी लगाम खेचून उभं राहायचं.

ती हाक आली की शंभर घोडे स्तब्ध होतात. लांब, पिवळ्या गवतात एक पांढरा ठिपका दिसतो. तो कुत्रा. जोडीतला दुसरा कुत्रा येतो, पहिल्याला थिजलेला बघतो आणि जिथे असेल तिथे तोही थिजतो. स्वतःला वास आलेला नसतानाही. याला पहिल्याचा मान राखणं म्हणतात, आणि तो न राखणारा कुत्रा गुन्हेगार. हँडलर खाली उतरतो, गवत तुडवत पुढे जातो. अचानक पायांतून फर्रकन दहाबारा पक्षी एकदम उडतात. त्या आवाजाने सवयीच्या माणसाचंही काळीज हलतं. मग बंदुकीचा बार होतो, आणि कुत्रा तसाच उभा असतो. पक्षी उडाले, बार झाला, तरी हलायचं नाही.

आता माझ्या शाकाहारी मैत्रिणींच्या मनातला प्रश्न. बार कशाचा? या स्पर्धेत बार कोरा असतो, फक्त आवाजाचा. पक्षी मारत नाहीत. पण मी गोड गोड सांगणार नाही. हे कुत्रे तयार करताना आणि एरवीच्या हंगामात शिकार होतेच, खेळाचा उगमच तो आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार थांबली आणि ते योग्यच झालं असं मी मानते. मी तिथे बंदुकीसाठी जात नाही. जाते ती घोड्यासाठी.

पक्ष्याचं नाव बॉबव्हाइट. आपल्या लावरीच्या नात्यातला, पावणेदोनशे ग्रॅम वजनाचा. थंडीत रात्री हे पक्षी जमिनीवर गोल करून बसतात, शेपट्या आत आणि तोंडं बाहेर. ऊब आत टिकते आणि पहारा चहूबाजूंनी राहतो. गेल्या अर्धशतकात अमेरिकेत यांची संख्या फार घटली आहे. बंदुकीपेक्षा त्यांना जास्त मारलं ते बांधापर्यंत नांगरलेल्या स्वच्छ शेतीने आणि एकाच जातीच्या दाट गवताने. झुडुपं, तण, मोकळी माती यांची गोधडी असेल तरच हा पक्षी जगतो. म्हणून एम्ससारख्या ठिकाणी मुद्दाम पडीक पट्टे राखतात आणि ठरवून गवत जाळतात. आपल्या माळढोकाची आठवण होते. माळरान म्हणजे वाया गेलेली जमीन, हा समज दोन्हीकडे सारखाच महाग पडला.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येते. तिथे सगळ्यांचे डोळे कुत्र्यावर. उद्याच्या बातमीत नाव कुत्र्याचं. बक्षीस कुत्र्याला, हँडलरला आणि मालकाला. पण दिवसाचे सहा तास चिखल, ओढे, काटेरी झुडुपं तुडवत परीक्षकाला सुखरूप नेऊन आणणाऱ्या घोड्याचं नाव कोणी विचारत नाही. मी तेच बघते. मला कोणी विचारलं, आज कोणता कुत्रा चांगला धावला, तर मला कधी कधी सांगता येत नाही. मधल्या परीक्षकाची पिंगट घोडी तिसऱ्या तासाला कशी चालत होती, ते मात्र मी तासभर सांगेन.

हे घोडे बहुतेक टेनेसी वॉकिंग हॉर्स जातीचे. जातीची नोंदवही १९३५ साली टेनेसीतल्याच लुइसबर्गला उघडली. या जातीचा मूळपुरुष मानतात तो ॲलन, १८८६ साली जन्मलेला. या घोड्यांची खुबी चालीत आहे. साधा घोडा चालीतून दुडकीवर गेला की स्वाराची हाडं खिळखिळी करतो. हा घोडा दुडकत नाही. चालीचेच चार ठोके तो लांबवतो आणि वाढवतो. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशाच्याही पुढे, वीतभर किंवा त्याहून जास्त पडतो. प्रत्येक पावलाला मान खाली-वर होते, जणू तो सारखा हो हो म्हणतो आहे. पाठ मात्र हलत नाही. हातात पाण्याचा भरलेला पेला धरून बसावं. पूर्वी मळ्यांवर मुकादम दिवसभर अशाच घोड्यावर बसून फिरायचे, त्यातून ही चाल निवडत निवडत पक्की होत गेली.

हे ऐकताना सारंगखेड्याच्या जाणकारांना एक शब्द आठवला असेल. रेवाल. आपल्या बाजारातही रेवाल चालीच्या घोड्याला वेगळा भाव असतो, आणि तिथेही स्वार पाठीवर न हलता जातो. दोन्ही चाली अगदी एकच आहेत असं नाही, पण गरज एकच होती. लांबचा पल्ला, आणि स्वाराने दिवसाअखेर आपल्या पायांनी घरात शिरावं. २०१२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी अशा चालींशी जोडलेला एक जनुकीय बदल शोधला, आणि जगातल्या अनेक चालबाज जातींत तो सापडला. म्हणजे चाल रक्तात येते. पण रक्तात आलेली गोष्ट टिकेलच असं नाही.

त्याचं वाईट उदाहरण त्याच टेनेसीत आहे. याच जातीच्या घोड्यांची रिंगणातली प्रदर्शनं होतात. तिथे प्रेक्षकांना साधी चाल पुरेना. पुढचे पाय आणखी उंच, आणखी नाट्यमय उचलायला हवेत. त्यासाठी काही लोकांनी घोड्याच्या खुराच्या वरच्या कातडीला मोहरीचं जहाल तेल, रॉकेल, डिझेल असली द्रव्यं लावायला सुरुवात केली. त्यावर साखळ्या, टाचेखाली जाड थर. पाय टेकला की आग होते, म्हणून घोडा तो झटकन उचलतो. लोक टाळ्या वाजवतात. याविरुद्ध अमेरिकेने १९७० साली कायदा केला, तरी वाद आजही मिटलेला नाही. सगळे प्रदर्शनवाले असे वागतात असं मी म्हणत नाही. पण ज्या रसायनांच्या बाटल्यांवर इशारे वाचण्यात माझं आयुष्य गेलं, ती जिवंत कातडीवर मुद्दाम लावतात, हे समजल्यावर मला त्या रिंगणात बसणं शक्य नव्हतं.

रानातला घोडा बघून मला उमगलं ते हे. तिथे घोड्याला साधा नाल असतो, नाहीतर पाय मोकळे. सहा तासांच्या कामाला दुखऱ्या पायाचा घोडा चालतच नाही. पहिल्याच ओढ्यात तो सत्य सांगतो. खोटी चाल रिंगणात दहा मिनिटं टिकते, चिखलात तीन तास टिकत नाही. म्हणून या कुत्र्यांच्या खेळाने, मनात नसताना, एका घोड्याच्या जातीची खरी चाल जपली. चाल टिकते ती कामामुळे. काम गेलं की चालीचा तमाशा होतो, आणि त्याची किंमत जनावर देतं.

कुत्र्यांबद्दलही असंच आहे. पहिल्या वीस मिनिटांत सगळेच कुत्रे देखणे धावतात. गॅलरीतले नवखे तेव्हाच विजेता ठरवून मोकळे होतात. जुने लोक गप्प असतात. दोन तास उलटले की खरं दिसू लागतं. ज्याची शेपूट अजून हलते आहे, जो अजून योग्य झुडुपाकडे वळतो आहे, जो दमल्यावरही दुसऱ्याचा मान राखतो आहे, तो. कुत्र्याच्या गळ्यात त्याचा ठावठिकाणा सांगणारा पट्टा असतो, पण हँडलरने यंत्रात बघायला मागितलं की तो कुत्रा बाद. म्हणजे कॉपी करता येत नाही. मेरी माँट्रोझ नावाच्या पॉइंटर कुत्रीने १९१७, १९१९ आणि १९२० अशी तीनदा ही परीक्षा जिंकली. आणि सेटर जातीचा काळ संपला असं सगळे म्हणत असताना, १९७० नंतर थेट २०१३ साली शॅडो ओक बो नावाचा सेटर जिंकला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. आपल्या वर्गातल्या मागच्या बाकांवरच्या मुलांनो, तुमच्यासाठी हे मुद्दाम सांगितलं.

आता एक मागणं मागते आणि थांबते. आज या सभागृहात बाजार समितीतले लोक आहेत, पंचायत समितीतले आहेत, दोघंतिघं घोडे बाळगणारेही आहेत. सारंगखेड्याला आता लांबलांबचे घोडे येतात, मोठे भाव सांगितले जातात. पण गिऱ्हाईक कशासाठी घेतं? बहुतेक वेळा वरातीसाठी आणि नाचवण्यासाठी. टांगे गेले, घोड्यावरून गावोगाव फिरणारे व्यापारी गेले. रेवाल घोड्याला दिवसभर चालायचं कारण उरलं नाही. टेनेसीतल्या रिंगणाची गोष्ट मी सांगितली ती तिकडच्यांना नावं ठेवायला नाही. कामावाचून राहिलेल्या जनावराचं इकडेही तेच होऊ शकतं, म्हणून सांगितली.

तर यात्रेत एक दिवस अशी परीक्षा ठेवता येईल का बघा. शिकार नको, बंदूक नको, कुत्रेही नकोत. तापीकाठच्या रस्त्यांवरून आणि शेतांच्या कडेने तीन तासांची सवारी. वेगाला बक्षीस नाही. तीन तासांनंतर पशुवैद्य घोडा तपासतील. श्वास किती वेळात जागेवर आला, पाय गरम आहेत का, पाठीला खोगीर लागलं का, पाणी कसं प्यायला, ते बघतील. स्वाराचा हात किती हलका होता ते बघायला दोन जाणकार शेजारून चालतील. ज्याचा घोडा सर्वांत ताजा परतला, त्याला फेटा. आणि बक्षिसाच्या फळ्यावर पहिलं नाव घोड्याचं लिहा, मालकाचं नंतर. फेट्याचा पहिल्या वर्षाचा खर्च माझा. मुलींनाही त्यात उतरू द्या, ही माझी एकच अट.

आपल्या शिक्षकांनी आपल्याला पहिल्या वीस मिनिटांवर जोखलं नाही, म्हणून आपण इथवर आलो. जनावरालाही तेवढा वेळ मिळावा, एवढंच सांगायचं होतं.

शांतपणे ऐकून घेतलंत. गॅलरीत शोभाल.